भुसा वेगळा, हवा वेगळी

ज्या वस्तूत मोटर नाही, जाळी नाही, फिल्टर नाही, एकही हलणारा भाग नाही, ती काम तरी कशी करते, हे मला आजही कुणाला एका दमात सांगता येत नाही. रंगाचा वीस लिटरचा डबा, झाकणाला दोन भोकं, आत प्लायची एक चकती. एका भोकातून भुशानं भरलेली हवा आत जाते, दुसऱ्यातून जवळपास स्वच्छ हवा बाहेर पडते आणि भुसा डब्यात राहतो. इतकंच. पण हे ‘इतकंच’ जमवताना माझी जी त्रेधा उडाली, ती सांगण्यासारखी आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सुतारकाम शिकायचं ठरवलं. आमचं घर नाशिकला, मागे पत्र्याची छोटी शेड. घरातलं फर्निचर ज्यांनी केलं त्या मिस्त्रींनी रंधा कसा धरायचा, पटाशीला धार कशी लावायची, हे शिकवलं. पण माझं मनगट काही त्यांचं मनगट नाही. त्यामुळे हातातली गोल करवत आली, जिगसॉ आली, मग सँडर आला. रंध्यानं निघतात ती सालपटं. झाडूनं गोळा करावीत, पोत्यात भरावीत, विषय संपला. सँडरमधून निघतं ते पीठ. ते झाडूला दाद देत नाही. झाडलं की उठतं, उठलं की बसत नाही, आणि बसतं ते नेमकं शेजारच्या गच्चीवर. एप्रिलचे दिवस होते. शेजारच्या वहिनींनी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांनी भांडण केलं नाही; एक कुरडई आणून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, “सागवानी झालीय.”

तेव्हा ओला-सुका दोन्ही कचरा ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर घेतला. त्याची नळी सँडरच्या मागच्या तोंडाला लावायची. पहिली काही मिनिटं स्वर्ग. मग यंत्राचा आवाज चढायला लागतो, ओढ कमी होते आणि पीठ पुन्हा शेडभर. उघडून पाहिलं तर टाकी जवळजवळ रिकामी. पण घडीघडीच्या कागदी फिल्टरवर पिठाचा जाड थर. फिल्टर झटकायचा, बसवायचा, पुन्हा तेच. फिल्टर झटकताना उडणारी धूळ सँडरच्या धुळीपेक्षा वाईट. मिस्त्री हसून म्हणाले, “मॅडम, काम कमी आणि झटकणं जास्त चाललंय.”

यावर उपाय म्हणून ‘सायक्लोन’ हा शब्द पहिल्यांदा कानावर आला. भुसा फिल्टरपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही, वाटेतच खाली पाडायचा. वाटेत एक भांडं ठेवायचं. हवेनं त्याच्यात कडेनं शिरून गोल फिरायचं आणि मधून वर निघून जायचं. फिरताना जड कण भिंतीकडे फेकले जातात, भिंतीला घासून त्यांचा वेग मोडतो, ते खाली घसरतात. वाचायला सोपं. पण रिकाम्या भांड्यात फिरणाऱ्या हवेत एवढा जोर कुठून यावा? म्हणून बँकेतली जुनी सवय कामाला लावली आणि कागदावर हिशेब मांडला. हवा सेकंदाला 20 मीटर वेगानं, म्हणजे ताशी 72 किलोमीटरनं आत आली आणि 28 सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात फिरली, तर कणाला बाहेर ढकलणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 290 पट भरतो. आकडा पाहून मी कागद दोनदा तपासला. एसटीच्या वळणावर आपण खिडकीकडे कलंडतो ते याच नियमानं. फक्त इथलं वळण वीतभर आहे.

हे प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल, असं विचारल्यावर मिस्त्रींनी घोटीचं नाव घेतलं. घोटीच्या भातगिरण्यांच्या छतावर पत्र्याचे ते उलटे शंकू मी मुंबईला जाता-येता कित्येकदा पाहिले होते आणि त्यांना धुराडी समजत होते. एका गिरणीत गेले. मालकांनी आत नेलं. भात सडल्यावर निघणारा बारीक कोंडा पंख्याच्या हवेबरोबर पाइपातून वर जातो, शंकूत कडेनं शिरतो आणि शंकूच्या टोकातून खाली बांधलेल्या पोत्यात पडतो. हवा वरच्या नळीतून निघून जाते. मी विचारलं, “भाऊ, यात आत काय बसवलंय?” ते म्हणाले, “आत काय बसवणार ताई? आत काही बसवलं तर अडकेल ना!” मला हवं होतं ते उत्तर हेच होतं, पण त्यानं माझा गोंधळ कमी झाला नाही.

गिरणी ही या यंत्राची जन्मभूमीच निघाली. अमेरिकेत मिनियापोलिसला वॉशबर्न ‘ए’ नावाची प्रचंड पिठाची गिरणी होती. 2 मे 1878 रोजी हवेत तरंगणाऱ्या पिठानं तिथं पेट घेतला; स्फोटात 18 माणसं गेली. हवेतलं पीठ दारूगोळ्यासारखं उडतं, हे त्यानंतर गिरणीवाल्यांना विसरता येईना, आणि धूळ गोळा करणाऱ्या यंत्रांना जोर आला. 1885 मध्ये मिशिगनमधल्या जॅक्सन गावच्या निकरबॉकर कंपनीच्या जॉन फिंच यांना सायक्लोनचं पेटंट मिळालं. पुढे लाकूडकटाईच्या कारखान्यांवर हेच शंकू चढले. अशाच एका कारखान्यातला सायक्लोन पाहून जेम्स डायसन यांना पिशवीविना चालणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची कल्पना सुचली, आणि ती जमवायला त्यांना 5,127 नमुने करावे लागले. हा आकडा मी शेडच्या दारावर खडूनं लिहून ठेवला. घरच्यांनी विचारलं, हे काय? म्हटलं, धीर.

शंकू करायचा तर पत्रा वळवावा लागतो, आणि ते माझ्या आवाक्यातलं नव्हतं. तयार प्लॅस्टिकचा शंकूही मिळतो, पण मला स्वतः करायचं होतं. तेव्हा दुसरा मार्ग सापडला. फिल थीन नावाच्या अमेरिकी हौशी सुतारानं शंकूच काढून टाकला. साधा गोल डबा घ्यायचा आणि त्यात वरच्या बाजूला एक आडवी चकती टांगायची. ही चकती एक तृतीयांश घेरात डब्याच्या भिंतीला टेकलेली असते. उरलेल्या दोन तृतीयांश घेरात, म्हणजे 240 अंशांत, भिंत आणि चकती यांच्यात साधारण 28 मिलिमीटरची फट. भुसा भिंतीलगत फिरत फिरत त्या फटीतून खाली पडतो. हवा चकतीच्या वरच फिरते आणि वरूनच निघून जाते.

पण चकती हवीच कशाला? भुसा भिंतीकडे फेकला जातो, खाली पडतो. झालं की काम. या प्रश्नावर मी अडकले, आणि उत्तर सापडलं ते चहात. न गाळलेला चहा चमच्यानं गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. पत्ती जड असते, म्हणजे ती कपाच्या कडेला जायला हवी. ती जाते तळाच्या मध्यभागी! 1926 मध्ये आइन्स्टाइननं याचा उलगडा लिहिला होता, तोही नद्या वळणं का घेतात हे समजावताना. तळाशी घासून द्रवाचा वेग मंदावतो, त्यामुळे तिथं बाहेर फेकणारा जोर कमी पडतो आणि कडेचा दाब द्रवाला आत ढकलतो. तळाशी पडलेली पत्ती त्या ओघाबरोबर मध्यभागी सरकते. हवेचंही तसंच. डब्याच्या तळाशी पडलेला भुसा मध्यभागी ओढला जातो, आणि मध्यभागी तर वर चढणारी हवा टपलेलीच असते. खाली पाडलेलं पुन्हा वर. चकती म्हणजे या दोघांमधला पडदा. डबा अर्ध्याच्या वर भरू द्यायचा नाही, याचंही कारण हेच. एवढं समजल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की आपण कुणाचं तरी ऐकून नव्हे, तर समजून काहीतरी करतोय. हा आत्मविश्वास प्लंबिंगच्या दुकानापर्यंत टिकला.

व्हॅक्यूमच्या नळीचं तोंड मोजून गेले होते. दुकानदाराला सांगितलं, “38 एमएम आतून असलेला पाइप द्या.” तो म्हणाला, “काकू, 40 घ्या किंवा 50 घ्या. 38 कुठून आणू?” मी म्हटलं, दीड इंची म्हणजेच 38. त्यानं 50 एमएमचा तुकडा पुढे केला, “हाच दीड इंची.” मग 40 एमएमचा दाखवला, “हा सव्वा इंची.” आणि 63 चा, “हा दोन इंची.” माझ्या शाळेत दोन इंच म्हणजे 51 मिलिमीटरच्या जरा आत असत. बऱ्याच वेळानं उलगडा झाला, तो असा: मिलिमीटरमधलं माप पाइपाच्या बाहेरच्या व्यासाचं, इंचातलं नाव आतल्या पोकळीचं, तेही ढोबळ. दोन्ही मापं एकाच पाइपाची, दोन्ही खरी, आणि माझ्या नळीला दोन्ही निरुपयोगी. व्हॅक्यूम क्लीनर करणाऱ्यांनी प्लंबरांशी कधी बोलायचंच नाही असं ठरवलेलं दिसतं. सँडरचं तोंड आणखी तिसऱ्याच मापाचं.

शेवटी दुकानदारानंच मार्ग काढला. गल्ल्यामागून सायकलची जुनी ट्यूब काढली, कात्रीनं चार बोटं रुंदीचं कडं कापलं आणि माझ्या नळीच्या तोंडावर ताणून चढवलं. वरून 50 एमएमचा पाइप जरा पिळत दाबला. घट्ट. “वरनं क्लिप आवळा, हवा सुटली तर पैसे परत,” तो म्हणाला. पाइपाचे त्यानं घेतले, ट्यूबचे नाही. माझ्या शेडमधले सगळे सांधे आज सायकलच्या ट्यूबवर उभे आहेत.

आता प्रत्यक्ष बांधणी. झाकणाला मधोमध एक भोक, ते बाहेर जाणाऱ्या हवेचं. दुसरं कडेजवळ, आत येणाऱ्या हवेचं. होल सॉनं प्लॅस्टिक कापताना घाई केली तर ते वितळून दात्यांना चिकटतं, म्हणून ड्रिल अगदी सावकाश फिरवायचं. आत येणाऱ्या पाइपाला झाकणाच्या खाली एल्बो लावायचा आणि त्याचं तोंड भिंतीला समांतर वळवायचं. ही दिशाच सगळं ठरवते. तोंड मध्यभागाकडे वळलं की हवा फिरतच नाही, नुसती गोंधळ घालते. चकती बारा एमएमच्या प्लायची, जिगसॉनं कापलेली, तीन लांब आटेदार सळ्यांनी झाकणाला टांगलेली. हवा जिथं आत शिरते त्याच्या खाली तिची भिंतीला टेकलेली बाजू. सळ्यांवरचे नट खालीवर करून चकती सपाट आणली. मिस्त्रींनी पाणसळ ठेवून पाहिली आणि मान हलवली. त्यांची मान हलणं हे माझं प्रमाणपत्र.

यंत्र चालू केलं. भुसा डब्यात सरसरत पडताना ऐकू येत होता. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून फिरणारा तपकिरी पट्टा अंधुक दिसत होता. मी आनंदानं नळी जमिनीवर फिरवायला लागले आणि नळीच्या तोंडात प्लायचा एक सपाट तुकडा येऊन बसला. फाडकन आवाज झाला. डबा दोन्ही बाजूंनी आत दबला, झाकण निसटलं आणि व्हॅक्यूमनं आतला सगळा भुसा एका घासात गिळला.

कारण पुन्हा हिशेबातच होतं. व्हॅक्यूमच्या खोक्यावर ओढ 18 किलोपास्कल लिहिलेली असते. नळीचं तोंड पूर्ण बंद झालं, की डब्यातला दाब बाहेरच्यापेक्षा जवळजवळ तेवढा उतरतो. झाकणाचा व्यास 30 सेंटिमीटर धरला तर त्याच्यावर बाहेरची हवा सुमारे 130 किलोंचा भार टाकते. म्हणजे झाकणावर दोन माणसं उभी. भिंतींवर निराळा. यंत्र डबा ओढून आत घेतं असं वाटतं. खरं तर बाहेरची हवा तो दाबून टाकते. रंग ठेवायला केलेल्या डब्यानं हे का सोसावं?

मग झाकणाच्या वर-खाली प्लायच्या चकत्या स्क्रूनं आवळल्या, डब्याच्या आत प्लायची दोन कडी बसवली आणि आत येणाऱ्या पाइपावर एक छोटं भोक पाडून त्यावर स्प्रिंगचं झाकण लावलं. ओढ फार वाढली की ते झाकण आपोआप उघडतं आणि हवा तिथून शिरते. मिस्त्रींनी त्याला कुकरची शिट्टी हे नाव दिलं, ती उलटी काम करते एवढाच फरक.

आता डबा टिकला, पण फिल्टरवर पीठ तेवढंच. चकती बरोबर, एल्बो बरोबर, मग भुसा जातो कसा? या टप्प्यावर मी अगदी हतबल झाले होते. उत्तर गिरणीवाल्या भाऊंनी फोनवर एका वाक्यात दिलं: “ताई, खालून हवा घेत असेल.” डब्याच्या खालच्या भागात किंवा झाकणाच्या काठाला बारीकशी जरी फट असली, तर आत दाब कमी असल्यानं बाहेरची हवा तिथून घुसते आणि पडलेल्या भुशाला उचलून वर नेते. त्यांच्या गिरणीत पोतं शंकूच्या टोकाला इतकं करकचून का बांधलेलं होतं, ते आता कळलं. फट शोधायला उदबत्ती घेतली. डबा पुसून रिकामा केला, शेड झाडली, उदबत्तीची लहान कांडी पेटवली आणि यंत्र चालू ठेवून प्रत्येक सांध्याजवळून फिरवली. धूर सरळ वर जात होता. झाकणाच्या काठाशी, कडीच्या बाजूला, तो एकदम आडवा होऊन आत खेचला गेला. डोळ्यांना तिथं फट दिसत नव्हती, धुराला दिसली. काठाला दाराच्या फटीत लावतात ती फोमची पट्टी चिकटवली, पाइपाच्या बुडाशी एम-सील भरलं. उदबत्ती पुन्हा फिरवली. धूर सगळीकडे सरळ. त्यानंतर फिल्टर उघडला, तर घड्या पांढऱ्या राहिलेल्या, वर फक्त पावडर लावल्यासारखा हात.

थंडीत एक नवीनच प्रकार सुरू झाला. एल्बोला हात लागला की झटका. प्लॅस्टिकच्या पाइपातून भुसा घासत जातो, विद्युतभार साठतो, आणि नाशिकची कोरडी हवा त्याला विरू देत नाही. घरगुती यंत्रात यानं आग लागते का, यावर जाणकारांत एकमत नाही. माझी तक्रार झटक्यापुरतीच होती. तांब्याची उघडी तार पाइपाभोवती गुंडाळून अर्थिंगला जोडली आणि झटके थांबले. आगीचं खरं भय दुसरीकडे आहे. ग्राइंडरवर लोखंड घासताना उडणाऱ्या ठिणग्या या नळीनं कधीही ओढायच्या नाहीत. भुशानं भरलेल्या डब्यात एक ठिणगी गेली, तर ती आत निवांत धुमसत राहते, आणि आपण कुलूप लावून जेवायला गेलेलो असतो.

डब्यात भुसा साठायला लागला तसं मला वाटलं, प्रश्न सुटला. किलोच्या किलो भुसा डब्यात, फिल्टरवर चिमूटभर. मग दुपारी पत्र्याच्या भोकातून आलेल्या कवडशात पाहिलं, तर सँडर बंद करून बराच वेळ झाला होता आणि तरीही उजेडात कण तरंगत होते. सायक्लोन जड कण पाडतो. कण जितका बारीक तितका तो हवेबरोबर वळतो. भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर निघून जातो. दहा मायक्रॉनचा कण हवेत डोक्याच्या उंचीवरून खाली यायला काही मिनिटं घेतो. अडीच मायक्रॉनचा तासन्‌तास घेतो. फुप्फुसात खोलवर जातो तो हाच. डब्यातला ढीग पाहून आपण खूश होतो, पण तो ढीग फुप्फुसाला फारसा धोकादायक नव्हताच. त्यातलं बरंचसं नाकातच अडलं असतं.

इथं थट्टा थांबते. इंग्लंडमधलं हाय विकम हे फर्निचरचं गाव. तिथल्या कामगारांत नाकाच्या आतल्या पोकळीचा एक दुर्मीळ कर्करोग वारंवार दिसतो, हे एस्थर हॅडफिल्ड या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि 1968 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. 1995 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. आपल्या सागवानाच्या आणि शिसवीच्या धुळीनं काहींच्या कातडीला खाज आणि पुरळ येतं, ते वेगळंच. हे मी मिस्त्रींना सांगितलं. ते नाकाला रुमाल बांधतात. रुमालातून बारीक धूळ सहज पार होते, हेही सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, तीस वर्षं झाली.” मी त्यांना एन-95 मुखपट्ट्यांचं एक खोकं दिलं. घालतात, निदान माझ्या शेडमध्ये तरी घालतात.

तेव्हा माझी व्यवस्था आता अशी आहे. डबा मोठा भुसा अडवतो, त्यामुळे व्हॅक्यूमची ओढ टिकते आणि धूळ सँडरपाशीच उचलली जाते. डब्याचा खरा उपयोग हा, आणि तो कमी नाही. व्हॅक्यूममध्ये कागदी फिल्टरच्या जागी हेपा फिल्टर घातला आहे, 0.3 मायक्रॉनचे शंभरातले 99.97 कण तो अडवतो असं त्याचं मानक सांगतं. पूर्वी तो घेतला असता तर एका दुपारीच बुजला असता. आता डबा पुढे उभा असल्यानं टिकतो. शेडच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवला, वहिनींच्या गच्चीच्या विरुद्ध बाजूला. आणि नाकावर मुखपट्टी. यंत्र बंद झाल्यावरही ती लगेच काढायची नाही.

एक काम मात्र हा डबा करत नाही आणि ते मला हातानंच करावं लागतं. त्याला हवा आणि भुसा वेगळं करता येतं, पण भुसा आणि भुसा वेगळा करता येत नाही. साध्या लाकडाचा भुसा शेणखतात मिसळून कुजवता येतो. आमच्या कढीपत्त्याच्या आळ्यात तो असाच कुजून जातो. प्लाय आणि एमडीएफचा भुसा म्हणजे नुसतं लाकूड नव्हे, त्यात गोंदही आला. त्यात फॉर्मल्डिहाइडची चिकटद्रव्यं असतात. तो खतात घालू नये, बंबातही जाळू नये. म्हणून आता शेडमध्ये दोन डबे आहेत, दोन्हींना एकच झाकण बसतं. एकावर मार्करनं ‘लाकूड’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘प्लाय’. एमडीएफ कापायला घेतला की आधी डबा बदलायचा. मिस्त्री कधी कधी विसरतात. मग दोन्हींचा सगळा भुसा ‘प्लाय’मध्ये जातो आणि त्या आठवड्यात कढीपत्त्याला काही मिळत नाही.